सुराचं शेपूट

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग माझ्या मागं बघतो. मागं भिंत आहे. भिंतीवर सोल्डरिंगच्या तारेची रिळं टांगलेली आहेत. तिथं कुणी नाही म्हटल्यावर तो विचारतो, "साहेब कुठं हायत?"

"साहेब कारखान्यावर हायत. त्यांची नोकरी तितं हाय," मी सांगते. "अँपला काय झालंय ते मला सांगा."

मग तो नाइलाजानं सांगतो. बारामतीच्या स्टँडमागच्या गल्लीत चौतीस वर्षं हे असंच चाललंय. माझं माहेर सांगवीचं. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी लग्न करून गेली, मी लग्न करूनही राहिले. रेडिओ गेले, टीव्ही पातळ होऊन फेकून देण्याच्या लायकीचे झाले, पण अँपनं मला सोडलं नाही. अँप म्हणजे अँप्लिफायर. माइकमधून किंवा वाद्यातून निघालेला बारीकसा आवाज मोठा करून स्पीकरला देणारी पेटी. गावाला देऊळ असतं, देवळात भजन असतं, लग्न असतं, निवडणूक असते. अँप कुठं नसतो?

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मी आधी गमतीच्या गिऱ्हाइकांची यादी काढली. एका भजनी मंडळानं दसऱ्याला अँपची साग्रसंगीत पूजा केली होती. हळदकुंकू जाळीतून आत गेलं, वरून तीर्थही गेलं. मी झाकण उघडलं तर आत गाभाऱ्यासारखा वास. दुसरे एक लाउडस्पीकरवाले होते. त्यांचा अँप व्हॉल्व्हचा, म्हणजे चांगला तापणारा. ते त्याच्यावर भाकरी गरम करायचे. भाकरीचा चुरा आत पडला, चुऱ्याला मुंग्या लागल्या आणि भर प्रचारसभेत उमेदवाराच्या आवाजाऐवजी चुरचुर ऐकू यायला लागली. "मुंग्या विरोधकांनी सोडल्या" असा त्यांचा पक्का समज होता. मी त्यांना भाकरीचा तुकडा काढून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ताई, हे कुणाला सांगू नका." इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

पण यादी करताना एक नाव सारखं वर येत राहिलं. ते गमतीचं गिऱ्हाईक नव्हतं. त्यात चूक माझी होती, म्हणून तेच लिहिते.

त्याआधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगायला हवं. व्हॉल्व्ह ही काचेची नळी. बल्बसारखीच, आत बारीक तार, ती लालसर पेटते. अँप चालू केला की ती तापायला अर्धा-एक मिनिट लागतं, मगच आवाज येतो. माझ्या पिढीच्या कारागिरांनी हात भाजून घेतले ते याच्यावरच. पुढं ट्रान्झिस्टर आला, आता डिजिटल आलं. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात, आत गणित चालतं आणि आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. पेटी हलकी, तापत नाही, पडली तरी फुटत नाही.

आजकाल कॉलेजची गिटारवाली मुलं माझ्याकडं येतात आणि विचारतात, "मॅडम, व्हॉल्व्हचा टोन खरंच वेगळा असतो का? व्हॉल्व्ह घेऊ का डिजिटल?" त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मी सांगते, असतो. व्हॉल्व्हवर जोर टाकला की तो आवाजाची टोकं गोल करून देतो. साधा ट्रान्झिस्टर तीच टोकं सपाट छाटतो, म्हणून कानाला टोचतं. डिजिटलवाले त्या गोलाईची गणितानं नक्कल करतात आणि हल्ली फार चांगली करतात. एवढं सांगून मी थांबायला हवं. पण मी थांबत नसे. व्हॉल्व्हला जीव असतो, डिजिटल म्हणजे प्लास्टिकची फुलं, असलं काहीबाही बोलायचे. मुलं खूश होऊन जायची, मीही खूश व्हायचे.

तर भिगवणजवळच्या डाळजचे म्हस्कूतात्या. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. तात्या मेंढरांमागं फिरता फिरता बेंजो शिकले. बेंजो म्हणजे लांबट पेटीवर ताणलेल्या तारा. डाव्या हातानं टायपिंग मशीनसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. आपल्याकडं लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी असते, त्यातलं हे मुख्य वाद्य. तात्यांच्या पार्टीचं नाव भिगवणपासून इंदापूरपर्यंत होतं. आता पार्टी त्यांचा पुतण्या संपत चालवतो. टेम्पो त्याचा, जनरेटर त्याचा. बेंजो मात्र तात्यांचा, आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्हचा अँपही तात्यांचा. तो उचलायला दोन माणसं लागत. त्याची देखभाल मी करत असे आणि खरं सांगायचं तर त्या अँपवर माझा जीव होता.

दोन वर्षांपूर्वी संपतनं एक डिजिटल पेटी आणली. जेवणाच्या डब्याएवढी. बेंजोची वायर तिच्यात घालायची आणि पुढं कुठल्याही स्पीकरला जोडायची. त्यात हव्या त्या आवाजाचं बटण. त्यातल्या एका बटणाचं नाव चक्क 'व्हॉल्व्ह' असं होतं. संपत खूश. टेम्पोत जागा झाली, अजून दोन माणसं बसायला लागली. महिनाभरानं तो आणि तात्या दोघंही माझ्या दुकानात आले. दोघांची तोंडं दोन दिशांना.

"ताई, तात्यांला समजावा," संपत म्हणाला. "नव्या डब्यात दोष हाय म्हणत्यात. मी रोज ऐकतोय, मला काय दिसंना."

"दोष न्हाय म्हणलो," तात्या शांतपणे म्हणाले. "ह्यो सुराचं शेपूट कापतोय, असं म्हणलो. जुन्यात कापत न्हवतं."

"म्हंजी काय पर?"

"म्हंजी शेपूट."

याच्या पलीकडं त्यांना सांगता येईना. मी मनात म्हटलं, बिचाऱ्यांना व्हॉल्व्हची सवय झालीय. आणि मला एक युक्ती सुचली. मोबाइलवरच्या कुठल्याशा चाचणीत पाहिली होती. मी म्हटलं, "भांडत कशाला बसताय? परीक्षा घेऊ. जुना अँप घेऊन या."

माझी खात्री होती की तात्या डोळे झाकून व्हॉल्व्ह ओळखतील. मला संपतला धडा शिकवायचा होता, हे आधीच कबूल करते.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकानाच्या आतल्या खोलीत मी दोरीवर माझी जुनी साडी टाकून पडदा केला. पडद्यामागं जुना अँप आणि नवा डबा, दोन्ही. स्पीकर एकच, मध्ये एक खटका, म्हणजे कुठला चालू आहे ते बाहेरून कळू नये. जुन्या अँपची मागं सतत एक घुंई चालायची, तिच्यावरून ओळखता येऊ नये म्हणून तीही कंडेन्सर बदलून घालवली. संपतला बेंजो जुजबी येतो, तो पडद्यामागं बसला. तात्या बाहेर खुर्चीत, हातात टोपी.

"काय वाजवू, ताई?" संपतनं विचारलं.

"वरातीतलं काहीतरी. दणक्यात," मी म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझं होतं.

संपत वाजवायला लागला. मी खटका फिरवायची, तात्या सांगायचे. "जुना." "नवा." "जुना." दहा वेळा झालं. मी कागदावर खुणा करत होते आणि सहाव्या-सातव्या वेळेलाच निकाल कुठं चाललाय ते मला दिसायला लागलं. दहातले पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण संपतनं पडद्यातून डोकं काढून विचारलं आणि मी कागद दाखवला. तो हसला. वाईट बुद्धीनं नाही, त्याला हायसं वाटलं म्हणून. "बघा तात्या. आता तरी बास करा."

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. बेंजोला खोळ घातली, तिच्या नाड्या नीट बांधल्या. मग मला म्हणाले, "ताई, मग माझं कानच गेलं म्हणायचं." त्यात राग नव्हता. डॉक्टरनं सांगितलेलं ऐकून घ्यावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. जुना अँप त्यांनी नेलाही नाही.

आठ दिवसांनी संपतचा फोन आला. तात्यांनी वाजवणं सोडलं होतं. बेंजो माळ्यावर. कान गेलेल्या माणसानं लोकांच्या कार्यात वाजवू नये, असं म्हणत होते. आणि इंदापूरला एक लग्न होतं. मुलीचे वडील बाजारात बियाण्यांचे दुकानदार. त्यांच्या स्वतःच्या लग्नात तात्यांनी वाजवलेली एक संथ धून त्यांच्या मनात राहिली होती. मुलगी सासरी निघताना तीच धून तात्यांनीच वाजवायची, या एका अटीवर त्यांनी ही पार्टी ठरवली होती.

"मी किती येळा पाया पडलो," संपत म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "माझ्या हसण्याचं त्येंला लागलं, ताई. मला काय म्हाईत असं हुईल. तुमी बोला त्यांच्याशी."

परीक्षा मीच घेतलेली. कागदावरच्या खुणाही माझ्याच.

डिजिटल डबा माझ्याकडंच होता, त्याचं एक सॉकेट ढिलं झालं होतं म्हणून संपतनं ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसवलं आणि तपासायला म्हणून दुकानातली एक जुनी गिटार जोडली. मला गिटार येत नाही. मी एक तार छेडली आणि चहावाला आला म्हणून पैसे द्यायला वळले. तार वाजत होती. वाजत वाजत हळू होत होती. आणि मग ती नव्हती. विरली नाही, नव्हतीच. कुणीतरी कात्री लावावी तशी.

मी चहा तसाच ठेवला. पुन्हा छेडली. पुन्हा तसंच, शेवट येण्याआधीच तुकडा पडायचा. मग तीच गिटार तात्यांच्या जुन्या अँपला जोडली. व्हॉल्व्ह तापेपर्यंतचं ते एक मिनिट फार मोठं वाटलं. छेडली. सूर खाली गेला, अजून खाली गेला, पंख्याच्या आवाजात मिसळला, तरी मला वाटत होतं अजून आहे.

शेपूट.

डब्यात एक सोय असते, तिला गेट म्हणतात. वाद्य थांबलं की मागची खरखर ऐकू येऊ नये म्हणून ते दार लावून घेतं. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार बंद. पण सूर विरत जातो तेव्हा तोही त्या पातळीखाली जातो, आणि दाराला काय कळतंय खरखर कुठली आणि सूर कुठला. वरातीच्या दणक्यात एक सूर संपायच्या आत दुसरा येतो, त्यामुळं दार लागायची वेळच येत नाही. दणक्यात वाजव असं मीच सांगितलं होतं. म्हणजे जिथं दोष दिसणारच नाही तिथंच मी तो शोधला होता, आणि सापडला नाही म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या कानांवरून नापास केलं होतं. चौतीस वर्षांच्या अनुभवाची बाई मी.

ही गेटची सोयच बंद करायला एक बटण दोन वेळा दाबावं लागतं. बस्स.

मी दुकान बंद केलं, डबा आणि चार्जिंगचा छोटा स्पीकर पिशवीत घातला आणि भिगवणची एसटी धरली. तिथून जीपनं डाळज. तात्या गोठ्यापाशी शेळ्यांना घास टाकत होते. मला बघून त्यांच्या बायकोनं, पारूमावशींनी, घोंगडं अंथरलं.

"तात्या, तुमचं कान शाबूत हायत," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "माझी परीक्षा चुकली."

त्यांनी हातातला घास शेळ्यांपुढं टाकला. हात धुतले, येऊन बसले.

"बेंजो काढा."

"माळ्यावर हाय. ऱ्हाऊ द्या आता."

पारूमावशी मध्येच म्हणाल्या, "मी काढते. आठ दिस झालं, घरात कुणी मेल्यागत बसलंय ह्ये माणूस." आणि खरंच स्टुलावर चढून त्यांनी तो काढला.

मी डबा जोडला. गेट चालू ठेवलं. "एकच तार छेडा. आणि थांबा."

तात्यांनी छेडली. सूर निघाला, उतरायला लागला आणि तुटला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बटण दोनदा दाबलं. "आता."

पुन्हा छेडली. त्यांनी डोळे मिटले. शेळ्या घास खात होत्या, हायवेवर ट्रक जात होते, आणि त्या सगळ्याच्या खालून तो सूर बराच वेळ चालत राहिला. संपला तेव्हा तात्यांनी डोळे उघडले.

"ह्येच म्हणत हुतो मी," ते म्हणाले.

"व्हय. तुमी बरोबर हुता. आमी दोघं बहिरे."

त्यांना हसू आलं. पारूमावशींनी पदर तोंडाला लावला, पण त्याही हसत होत्या. चहा झाला. मग मी माझी मोठी बातमी काढली. व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, मिळाले तर कसे निघतील सांगता येत नाही. पण माझ्याकडं जुन्या चांगल्या व्हॉल्व्हची शेवटची एक जोडी कापसात गुंडाळून ठेवलेली होती. कितीतरी जणांना मी ती नाही म्हणून सांगितलं होतं. "ती तुमच्या अँपला घालते," मी म्हणाले. "इंदापूरच्या लग्नात तुमचा जुना अँपच वाजू द्या. मी संपतशी बोलते."

तात्यांनी डब्याकडं बोट दाखवलं. "कशाला?" ते म्हणाले. "ह्यो काय वाईट हाय?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "अहो, तुमीच तर जुना बरा म्हणत हुता."

"ह्यो तोडत हुता म्हणून. आता तोडत न्हाय. मग?" त्यांनी डबा उचलून एका हातावर तोलून पाहिला. "ताई, त्यो जुना मला कधी आवडला न्हाय. दोनदा शॉक दिला त्यानं मला. खड्ड्यातनं टेम्पो गेला की मी त्याला दोनी हातांनी धरून बसायचो, काच फुटती का काय. अन् ती घुंई. तुमी आत्ता घालवली, पर तीस वर्सं तिच्यासंगट वाजीवलंय मी."

"मग इतकी वर्षं वापरला कशाला?"

"दुसरं हुतं कुठं?"

मी परतीच्या जीपमध्ये बसले ते थोडी फजिती झाल्यासारखी. व्हॉल्व्हच्या टोनसाठी झुरणारा एक म्हातारा कलावंत मी मनात तयार करून ठेवला होता. तात्यांना फक्त सूर पुरा हवा होता. तो काचेतून आला काय, गणितातून आला काय.

इंदापूरच्या लग्नाला मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, संपतनं टेम्पोच्या मागं एक खुर्ची टाकून दिली. डब्याचं गेट बंद आहे की नाही हे मी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तात्या म्हणाले, "ताई, बसा आता."

उन्हं कलली तेव्हा मुलगी कार्यालयाच्या दारात आली. ताशा थांबला. तात्यांनी धून धरली. एकेक सूर सोडायचा, त्याला जाऊ द्यायचं, मग दुसरा. रस्त्यावर रहदारी होती, पलीकडं भाजीबाजार होता, तरी माणसं बोलायची थांबली. बियाण्यांचे दुकानदार मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि टेम्पोकडं बघत होते. शेवटचा सूर सोडल्यावर तात्यांनी नखी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. वाजवणं संपलं होतं, सूर अजून होता. तो जाईपर्यंत कुणी हललं नाही. संपतनं ताशेवाल्याला हातानं 'थांब' अशी खूण केली होती. ती खूण मी पाहिली, आणि तात्यांनीही पाहिली.

सामान आवरताना संपत त्यांच्याजवळ गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. तात्यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, म्हणजे मिटलं असावं.

मला वाटलं तात्या टेम्पोनं जातील. पण त्यांनी डबा पिशवीत घातला, बेंजो काखेत घेतला आणि म्हणाले, "ताई, चला स्टँडवर. ह्येचं आवरायला अजून तास जाईल."

आम्ही इंदापूर स्टँडपर्यंत चालत गेलो. वाटेत ते त्यांचे बेत सांगत होते. पळसदेवच्या भजनी मंडळानं कधीपासून बोलावलंय, पण टेम्पो आणि दोन माणसं कुठून आणायची म्हणून गेले नव्हते. आता स्पीकर त्यांचा, डबा आपला. एसटीत ज्येष्ठ नागरिकांना तिकीटही कमी. मंगळवारी पळसदेव, शनिवारी आणखी कुठंतरी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चालीला मी मागं पडत होते.

भिगवणकडं जाणारी गाडी लागली. ते चढले, खिडकीची जागा मिळवली, पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली तेव्हा त्यांनी काच सरकवून हाक मारली.

"ताई, त्यो जुना अँप तुमच्याच दुकानात ऱ्हाऊ द्या. तुमाला लई आवडतोय."